रेप्लिका कोब्रा, स्पीडस्टरच्या आतला रंग अन् कार्पेट: आपल्या विदर्भात काय टिकते

कोब्रा असो, जर्मनीच्या पोर्शची स्पीडस्टर असो का लोटस सेव्हनसारखी उघडी टू-सीटर, अशा जुन्या नामी गाडीची रेप्लिका म्हणजे नक्कल बांधून राहिलेले लोक इंजिन-गिअरबॉक्सवर महिनोन्‌महिने डोकं लावतात अन् आतला रंग मात्र मोबाईलवर फोटो पाहून ठरवून टाकतात. फोटोतली गाडी उभी असते इंग्लंडच्या ढगाळ हवेत नाहीतर कॅलिफोर्नियात, आपली उभी राहणार यवतमाळ-चंद्रपूरकडे, जिथं मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे राजेहो, सीटचा रंग उन्हावरून ठरवा, कार्पेटचा रंग मातीवरून ठरवा, बॉडीशी मॅचिंग त्याच्यानंतर.

आधी अस्सल गाड्यांत काय होतं ते. कॅरोल शेल्बीनं १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या गाडीत फोर्डचं व्ही-एट बसवून कोब्रा काढली, त्या गाड्या आतून बहुतेक काळ्या, काही लाल. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत लेदरच्या सीटा अन् लोकरीचं मऊ कट पाईल कार्पेट (वर धाग्यांची कापलेली टोकं उभी असतात ते) ही जुनी रीत, तर जर्मन गाड्यांत बारीक चौकटीच्या विणीचं खरबरीत कार्पेट, त्याला स्क्वेअर वीव्ह म्हणतात. गाडी अस्सल वाटावी असं वाटत असेल तं ही वीण सांभाळा, रंगात इकडेतिकडे झालं तरी चालते. स्पीडस्टरमध्ये मऊ केसाळ कार्पेट टाकलं की जाणकाराच्या लगेच डोळ्यात येते, पण काळ्याऐवजी तपकिरी टाकलं तं कोणी काही म्हणत नाही.

आता सीट. उघड्या गाडीला वरून टप नाही, ऊन थेट सीटवर, अन् गाडी दुपारी पळसाच्या सावलीत लावली तरी सावली सरकते अन् काळ्या रेक्झिनवर तासाभरात बसणं मुश्कील होते. टॅन, बिस्किट, फिका करडा हे रंग बरेच कमी तापतात. पण एकदम पांढरं किंवा क्रीम नका घेऊ, काहून की जीन्सचा निळा रंग सीटला लागते अन् मंग कशानंच निघत नाही. भडक लालही उन्हानं गुलाबट पडते, लालच पाह्यजे असेल तं गडद मरून घ्या, चांदीरंगी स्पीडस्टरला तो लय शोभते. काळ्याचा मोह सुटतच नसेल तं बसाची अन् पाठीची जागा टॅन करा, बाजूच्या कडा अन् पायपिंग (शिवणीवरची गोल किनार) काळी करा.

मटेरियलमध्ये माझी पसंती मरीन व्हिनाइल, म्हणजे बोटीच्या सीटसाठी बनते ते, ऊन-पाणी दोन्ही सोसते. खरं लेदर सुंदरच, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला नेमानं कंडिशनर लावावं लागते, नाहीतर भेगा पडतात. अन् सीट शिवणाऱ्याला धागा पॉलिस्टरचाच वापराले सांगा, सुती धागा ऊन अन् घामानं कुजते, सीट चांगली राहते अन् शिवण उसवते.

डॅशबोर्डचं एक पक्कं लक्षात ठेवा, सीटाशी मॅचिंग म्हणून तो टॅन करू नका. फिका डॅश समोरच्या काचेत चमकते अन् दुपारी रस्त्याऐवजी डॅशच दिसते. वरचा भाग काळा किंवा गडद तपकिरी, अन् मॅट. चकचकीत नाही म्हणजे नाही.

कार्पेटसाठी पहिले आपल्या गावची माती पहा. कपाशीच्या पट्ट्यात काळी माती ओली असताना काळी दिसते पण वाळून धूळ झाली की करडी होते, अन् काळ्या कार्पेटवर ती राखेसारखी उठून दिसते. म्हणून आमच्याकडे काळं कार्पेट सगळ्यात घाण दिसते, लोकांना उलटं वाटते. करडा-तपकिरी, मातकट रंग घ्या. वणीच्या कोळसा खाणींकडे राहत असाल तं गडद ग्रे, तिथली धूळच काळी. फिक्या पिवळसर-तांबूस मातीचा भाग असेल तं त्याच अंगाचा मध्यम तपकिरी. एकरंगीपेक्षा दोन-तीन शेडचे धागे मिसळलेलं कार्पेट मिळालं तं आणखी चांगलं, डाग त्यात लपते.

सॅम्पल बोटभर नाही, हातभर मागा अन् दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फायनल करू नका, बाहेर उन्हात बॉडीच्या पॅनेलवर ठेवून पहा, सकाळी एकदा अन् भर दुपारी एकदा. मंग तो तुकडा घराच्या दाराशी टाका, वावरातून आलेल्या बुटांनी त्याच्यावरून चालू द्या, चिखल लागला तं ओला असताना घासू नका, पूर्ण वाळू द्या अन् कडक ब्रशनं झटका. झटकल्यावर जे उरते ते कायमचं उरणार. अन् वाकून जवळून पहा, कुसळं किती अडकली. मोठ्या सैल लूपच्या (धाग्याचे न कापलेले फास वर असतात त्या) कार्पेटमध्ये कुसळ आडवं घुसते, ओढलं की मधातच तुटते, टोक आत राहते अन् गोखरूचा काटा तं लूपच उपसून आणते. दाट कट पाईल किंवा घट्ट स्क्वेअर वीव्हमधून तेच कुसळ चिमट्यानं सरळ निघते. गावात गाडी ठेवणाऱ्यानं सैल लूप घेऊच नये.

धाग्याचं म्हणाल तं पॉलीप्रॉपिलीन स्वस्त पण साधारण १६० डिग्रीला वितळते, कोब्रात पायाजवळून एक्झॉस्ट जाते, तिथं ते नको. नायलॉन टिकाऊ अन् झटकाले सोपं. लोकर वितळत नाही, लवकर पेटत नाही, दिसतेही सगळ्यात भारी, पण बंद शेडमध्ये गाडी उभी राहिली की तिला कसर लागते अन् उंदरं तिचं घरटं करतात. गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणार असाल तं नायलॉनच बरं, दर आठवड्याला काढणार असाल तं लोकर घ्या अन् डांबरगोळ्या ठेवा.

कार्पेटखाली आधी फॉइलवालं हीट इन्सुलेशन, त्यावर पातळ फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाबलेलं कापड. जाड नको, जाड फेल्टनं पेडलची जागा खाते, क्लच पूर्ण खाली टेकते का ते कार्पेट टाकून तपासा. गिअरच्या बोगद्यावरचं (दोन सीटांमधल्या लांब उंचवट्यावरचं) अन् बाजूचं कार्पेट चिकटवा, पण खालचं चिकटवू नका, टिचबटणं लावा म्हणजे पावसात भिजलं की काढून वाळवता येते. ड्रायव्हरच्या बाजूला तं टिचबटणं हवीच, सुटं कार्पेट सरकून पेडलखाली गेलं की जीवावर बेतते. टाच टेकते तिथं रबराचा किंवा रेक्झिनचा तुकडा शिवून घ्या.

रंगजोड्या थोडक्यात: हिरव्या गाडीला टॅन सीट अन् गडद तपकिरी कार्पेट, निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या कोब्राला फिकी करडी सीट अन् गडद ग्रे कार्पेट, लाल गाडीला बिस्किट. लाकडी स्टेअरिंग असेल तं करड्यापेक्षा तपकिरी घराणं जुळते. आत दोनच रंग, तिसरा फक्त पायपिंगपुरता.

कापाच्या आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचे साचे करून गाडीत बसवून पहा अन् प्रत्येक साच्यावर पुढच्या दिशेचा बाण काढा, काहून की पाईलची दिशा उलटी झाली तं एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. माल सगळा एकाच लॉटचा, अन् मीटरभर जास्तच घ्या, दोन वर्षांनी तीच शेड दुकानात भेटत नाही.