आपल्याच युनियनच्या भाऊची तक्रार घेऊन ताई आली तर

डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा न्यायचा म्हणजे नागपूरची रात्रीची गाडी, दाटीवाटी, अन् परत आल्यावर आठ दिवसांनी एखादी अंगणवाडीची ताई हळूच सांगते का अमक्या भाऊनं गाडीत असं असं केलं. अमका भाऊ म्हणजे आपलाच तालुक्याचा पदाधिकारी, वर्गणी जमा करणारा, संपात सगळ्यात पुढं. आपल्या तोंडून पयलं वाक्य निघते, अव पण भाऊ तसा नाही ना. ते गिळा. आधी ऐका, मधात प्रश्न टाकू नका, अन् तिला काय पाहिजे ते तिलाच विचारा, कारण आपण लगेच पत्रक काढायच्या मागं लागतो.

त्याच रात्री वहीत लिहून घ्या, तिच्या शब्दात: तारीख, गाडीत कुठं बसली होती, बाजूला कोण होतं. व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, नंबर अन् तारीख दिसन असे स्क्रीनशॉट घ्या, पण ग्रुपवर टाकायचे नाही, तिचं नाव बाहेर काढायला कायद्यानं मनाई आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीला 3 महिने असतात, कारण असलं तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. म्हणून 'पुढच्या कार्यकारिणीत पाहू' हे चालत नाही बाप्पा. 10 किंवा जास्त लोक असतील तिथं अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असन तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला नोडल अधिकारी असतो, त्यानं तक्रार 7 दिवसात पुढं पाठवायची असते. 6 प्रती लागतात. लिहिता येत नसन तर समितीनं मदत करायची. अन् 'तू मानधनावर, तुला कायदा लागू नाही' असं कोणी म्हटलं तर ते खोटं, मानधनवाली, रोजंदारीवाली, कंत्राटी सगळ्या धरल्या आहेत त्यात.

मोर्च्याची गाडी कामाचं ठिकाण धरायची का यावर वाद होऊ शकते, म्हणून पोलिसाचा रस्ता बंद समजू नका, लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे.

चहा पाजून मिटवा म्हणणारे येतीलच. चौकशीआधी समेट मागायचा हक्क तिचा आहे, आपला नाही, अन् पैसे देऊन तर समेट होतच नाही. भाऊला मात्र निकाल लागेपर्यंत पदावरून बाजूला बसवा, युनियनच्या घटनेत काय लिहिलंय ते पाहून. तो असन त्या मीटिंगला तिनं काऊन यावं?

जातीवरून बोलणं, वेगळा कप, यालाही हेच. 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, एफआयआर नोंदवायला आधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. यानं युनियन फुटन म्हणतात. मला वाटते ज्या दिवशी कप वेगळा ठेवला त्या दिवशीच फुटली ती.

सगळ्यात जास्त विसरतो ते नंतरचं. पयल्या आठवड्यात सगळे फोन करतात, तिसऱ्यात कोणीच नाही, अन् चौकशी 90 दिवसांची. एकच बाई ठरवा तिच्यासाठी, तारखेला यस्टीनं सोबत जाणारी. बुडालेली रोजी अन् तिकीट युनियनच्या फंडातून द्या, व्हाउचरवर 'प्रवास' एवढंच लिहा, नाव नको.