पोरं तापली की युद्धावर कसं बोलायचं

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात मोबाईलवर मराठी-कन्नड वादाचे फॉरवर्ड सुरू होतात आणि मंडळातली पोरं तापतात. तेव्हा भाषण देऊ नका, पंधरा-वीस जणांना घेऊन, युद्ध कशानं पेटतं आणि वाद कशानं मिटतो यावर तासभर बसा, आणि शेजारची चार कन्नड पोरं बोलवाच, त्यांच्याशिवाय बसण्यात अर्थ नाही.

सुरुवात पलटणीपासून करा. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात, कुणाचा तरी पणजा त्यात असतोच. नामदेव जाधवांनी 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं हे सांगा आणि विचारा, हे दुसरं महायुद्ध पेटलं कशानं? 'हिटलर वाईट' एवढ्यावर सोडू नका. भीती कुणाला होती, अपमान कुणाचा झाला, पाहिजे काय होतं, हे तीनच प्रश्न धरून ठेवा म्हणजे पोरं आपोआप 1919 ला हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहापर्यंत, 1923 ला फ्रान्सनं जर्मनीतला रूरचा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला तिथपर्यंत जातात.

मग त्याच इटलीतलं दक्षिण टायरोल सांगा, याला वेळ द्या. जर्मन बोलणारा मुलूख, पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीत गेला, मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद, लोक चोरून मुलांना शिकवायचे. 1946 ला या लोकांच्या हक्कांसाठी ऑस्ट्रिया-इटलीचा करार झाला पण अंमल नीट नाही, म्हणून 1961 ला तिथल्या काही जर्मन बोलणाऱ्यांनी एका रात्रीत विजेचे कितीतरी टॉवर उडवले. सीमा हलली नाही बघा! 1972 च्या स्वायत्ततेनं शाळा आपल्या भाषेत, सरकारी कागद दोन्ही भाषांत, नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि इटालियन माणसालाही हक्काची जागा, तेव्हा कुठं 1992 ला ऑस्ट्रियानं वाद मिटल्याचं युनोला कळवलं. म्हणजे सही झाल्यावरसुद्धा वीस वर्षं नेटानं अंमल करावा लागला, हे पोरांना दोनदा सांगा.

चर्चेचा नियम एकच. आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं, जमलं तर त्याच्याच भाषेत. आमच्या बैठकीत एक कन्नड पोरगा म्हणाला, आमच्याच जिल्ह्यात आमची भाषा मागं पडेल अशी भीती वाटते, आणि आमच्या पोरांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, कारण त्यांचीही भीती तीच होती.

उठायच्या आधी एक छोटं काम ठरवा. पंचायतीच्या नोटिसा दोन्ही भाषांत लावाव्यात असा अर्ज, लिहायचा कन्नड आणि मराठीत, सह्या दोन्हीकडच्या, आणि द्यायला दोघं मिळून जायचं.