जुन्या एटी कॅबिनेटचा खटका दुरुस्त करताना

३८६, ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियम संगणकांच्या, एटी या जुन्या घडणीच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणामागे चौकोनी पुश स्विच असतो. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या पुढच्या घडणीत बटण फक्त मदरबोर्डला इशारा देतं. एटीमध्ये मात्र पॉवर सप्लायमधून निघालेली जाड केबल थेट या स्विचपर्यंत येते आणि तिच्यात २३० व्होल्ट असतात. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला असेल, तर स्विचच्या, तारा जोडायच्या चार पातींपैकी दोन जिवंतच असतात.

म्हणून भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. ते एकच तार तोडतं, आणि जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असले तर फेज तशीच पुढे येते. प्लग उपटा, पाच-दहा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायचा डबा या कामात उघडायचा नाही.

आता बिघाड ओळखायचा. बटण दाबल्यावर मशीन चालू होतं पण बोट काढताच बंद पडतं, म्हणजे बटण दाबलेलं धरून ठेवणारी अडकण गेली. बटण नीट बसतं, पण मशीन कधी उठतं कधी नाही, किंवा बटण हलवलं की रीस्टार्ट होतं, म्हणजे संपर्क, म्हणजे आत एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे तुकडे, जळलेत. चालू करताना सप्लायमधले रिकामे कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि त्या ठिणगीनेच संपर्क काळे पडतात. थिंबलची (तारेच्या टोकाला बसवलेलं, पातीवर चढणारं धातूचं टोक) प्लास्टिक टोपी पिवळी किंवा ठिसूळ झाली असेल, तर थिंबल सैल होऊन तापत होतं.

तारा काढण्याआधी फोटो घ्या आणि कागदी टेप लावून चारही तारांना नंबर द्या. सहसा तपकिरी आणि निळी या आत येणाऱ्या फेज व न्यूट्रल, तर काळी आणि पांढरी या सप्लायकडे परत जाणाऱ्या. तपकिरीची जोडी काळीशी, निळीची पांढरीशी. पण रंगावर विसंबू नका, जुन्या मशीनमध्ये कोणीतरी आधी हात घातलेला असतोच. तपकिरी आणि निळी एकाच जोडीवर बसल्या, तर बटण दाबताक्षणी थेट शॉर्ट. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच.

सुट्या स्विचवर मल्टिमीटर बीपवर ठेवा. बंद स्थितीत कुठल्याही दोन पातींत बीप नको. चालू स्थितीत दोनच जोड्या वाजल्या पाहिजेत, आणि ओहमवर जेमतेम मीटरच्या वायरीएवढाच रोध दिसला पाहिजे. वीसेक वेळा दाबून बघा, एखाद्या वेळी जरी आकडा चढला तरी स्विच गेला समजा.

अडकण गेलेली असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. आत वाकवलेल्या तारेची एक बारीक पिन बदामाच्या आकाराच्या खाचेत फिरते. ग्रीस वाळून घट्ट झालं की ती अर्ध्यावर अडते, किंवा तिला दाबून धरणाऱ्या पट्टीखालून निसटते. स्विच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरूनच उघडा, नाहीतर स्प्रिंग उडते आणि शोधत बसावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने खाच साफ करा, पिन परत बसवा, खाचेत सिलिकॉन ग्रीसचा ठिपका द्या. संपर्कांना ग्रीस लागू देऊ नका. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच, त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते.

जळलेले संपर्क घासून चकचकीत करता येतात, पण वरचा थर निघून गेला की महिन्याभरात तेच. नवा स्विच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा), दाबला की अडकणारा पुश स्विच मागा. त्यावर ५/८० किंवा ८/१२८ अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं. दुसरा आकडा त्या पहिल्या झटक्याचा, तो नसलेला स्वस्त स्विच टाळा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतही याच जातीचा स्विच असे, पण त्याला बऱ्याचदा पातींऐवजी सोल्डरच्या पिना असतात. जुना स्विच सोबत न्या: पातीची रुंदी ४.८ की ६.३ मिलिमीटर, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि दांड्याची लांबी जुळली पाहिजे. दांडा आखूड असेल तर पुढचं बटण आत जातं, पण खटका लागत नाही.

पातीला थेट सोल्डर केलं तर प्लास्टिक वितळून संपर्क वाकडे होतात. थिंबलच वापरा, वर स्लीव्ह चढवा. केबलमधली हिरवी अर्थची तार कॅबिनेटच्या पत्र्याला होती तशी परत स्क्रूने आवळा.

प्लग लावण्याआधी प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर मीटर लावून बटण चालू-बंद करा. कुठेही बीप नको. या पिना आणि अर्थ यांच्यातही नको. मग सप्लायमधून मदरबोर्डला वीज देणारे पी८, पी९ हे दोन कनेक्टर काढून, लोडसाठी एखादी टाकाऊ हार्ड डिस्क लावून, १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डवर (यात वीज बल्बमधून होऊनच मशीनला मिळते) चालू करा. बल्ब चमकून मंदावला किंवा लुकलुकला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करून तारा तपासा.

सगळं जागेवर घालताना पी८ आणि पी९ च्या काळ्या तारा मधोमध शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, उलट बसल्या तर मदरबोर्ड जातो. अर्धा तास मशीन चालवा, मग प्लग उपटून थिंबलला हात लावा. एखादं कोमट लागलं तर ते सैल आहे: काढा, पक्कडीने किंचित दाबा, परत बसवा.