रातच्या लाईनीत झोप कशी राखावी

आमच्या फीडरवर रब्बीत शेतपंपाला एक आठवडा दिवसा लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा रात्री. हरभऱ्याचं ओलीत रातच्या आठवड्यात आलं की झोप मोडतेच. दोन सालांमागं लागोपाठ तिसऱ्या रात्री वाफ्याचं तोंड फोडलं अन् बांधायचं राहूनच गेलं. पहाटे सगळं पाणी शेजाऱ्याच्या तुरीत. तेव्हापासून पाण्याच्या पाळीसारखी झोपेचीही पाळी बांधतो.

झोप का जपायची, तर मेंदू अन् मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती मिळून साधारण १५० मिली पाण्यासारखं द्रव असतं, दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं. रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं ते मेंदूत झिरपतं अन् पेशींचा कचरा घेऊन निघतं. २०१३ मध्ये अमेरिकेत माइकेन नेडरगार्ड यांच्या चमूला उंदरांत दिसलं, की झोपेत मेंदूतल्या पेशी-पेशींच्या मधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. डवरलेल्या वावरात पाणी कसं मुरतं, तसंच समजा. २०२४ मध्ये लंडनच्या चमूला उंदरांतच उलटं, म्हणजे झोपेत कचरा कमी निघतो असं दिसलं, म्हणून वाद चालू आहे. पण एका रात्रीच्या जागरणानं माणसाच्या मेंदूत बीटा-ॲमिलॉइड नावाचा प्रथिनाचा कचरा वाढल्याचं २०१८ मध्ये मोजलं गेलं. मला तेवढं पुरे.

लाईन बाराला येणार असेल तर सातला जेवा, आठला आडवे व्हा. गाढ झोप जास्त करून पहिल्या दोन-तीन तासांतच लागते, ती तरी पदरात पडते. दोघं भाऊ असाल तर दोघांनीही रात्रभर दांडावर उभं राहू नका. आमच्याकडं बारा ते तीन मी, पुढं धाकटा. ज्याची पाळी नाही तो खोपडीत बाजेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून. खाली झोपायचं नाही, साप-विंचू असतात.

सकाळचं खरं जपायचं. वावरातून आलं की घरचे चहा पुढं करतात. तो घेऊ नका, त्याचा असर पाच-सहा तास राहतो. हातपाय धुवा, खिडकीला गोणपाट लावा अन् एका दमात झोपा. अर्धा तास इथं, अर्धा तास तिथं, असं तुकड्यांत नको. थंडीपायी दारू घेणाऱ्याला डोळा लवकर लागतो, पण झोप मध्येच तुटते. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर डॉक्टरला दाखवा.

अन् स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवा: कोणता वाफा, किती वाजता फोडला. तिसऱ्या रात्री मी आठवणीवर काहीच सोडत नाही.