बडोद्यात आलेल्या सुनेला घरात मार बसत असेल तर

नाशिक-सांगलीकडून लग्न होऊन बडोद्यात आलेल्या मुलीला पहिलं वर्ष जडच जातं. शेजारपाजार गुजराती बोलतो, डाळ गोड लागते, माहेर रात्रभराच्या प्रवासावर. यात ती रुळेल. पण फोन काढून घेणं, पगार हाती न ठेवणं, हात उचलणं यात रुळायचं काही नसतं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरला आहे, तेव्हा ‘जरा जुळवून घे’ हे वाक्य मोठ्यांनी इथे तोंडातून काढूच नये.

जिवावर बेतलं असेल तर 112. एरवी 181, म्हणजे अभयम्, गुजरातची महिला हेल्पलाइन: फुकट, चोवीस तास, गरज पडल्यास समुपदेशक गाडी घेऊन दारात येते. पत्ता सांगताना सोसायटी, विंग आणि जवळची खूण सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी ‘लिंक्ड डिव्हाइस’ दिसलं, म्हणजे तिचे मेसेज दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवरही वाचले जात असतील, तर घाईने काढू नका, नवऱ्याला सुगावा लागतो. तिने शेजारणीच्या फोनवरून बोलावं.

जास्त केसेस बिघडतात त्या दवाखान्यात. सोबत सासू उभी, म्हणून केसपेपरवर ‘घसरून पडली’ लिहिलं जातं आणि पुढे कोर्टात तेच आडवं येतं. सयाजी हॉस्पिटलमध्ये असो की खासगीत, डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे असं सांगावं आणि कोणी, कशाने, केव्हा मारलं ते लिहून घ्यावं. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा पडतो, म्हणून फोटो तेव्हा पुन्हा काढा. एक जवळून, एक चेहऱ्यासकट. गळा दाबला असेल तर वळ दिसत नसला तरी तडक दवाखाना. आवाज बसणं, गिळताना दुखणं ही धोक्याची लक्षणं.

कोर्टाकडून संरक्षण मागण्याचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे, याच कायद्याच्या कलम 12खाली. बडोद्यातच करावा असं नाही, माहेरी राहत असेल तर तिथूनही चालतो. पहिली तारीख तीन दिवसांत पडावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबते. म्हणून त्याच वेळी प्रतिज्ञापत्र जोडून कलम 23चा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून तिचा राहण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलं. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, त्यासाठी 15100 ही हेल्पलाइन.

जबाब गुजरातीत लिहिला असेल तर हिंदीत वाचून घेतल्याशिवाय सही नको. कोर्टाच्या संरक्षण आदेशाची प्रत तिच्याजवळ हवी. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण पोलिसांना दाखवायला कागद लागतो.