पेरणीआधी जुन्या बियाण्याची परीक्षा

हिवाळा सरत आला की गेल्या वर्षी उरलेल्या बियाण्याच्या पुड्या बाहेर निघतात. पण ते बी जिवंत आहे की नाही, हे कुंड्या भरून दोन-तीन आठवडे वाट पाहिल्यावरच कळते आणि तोवर हंगामाची सुरुवात हातची गेलेली असते. त्यापेक्षा पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पुढीलप्रमाणे परीक्षा करावी.

१. प्रत्येक पुडीतून १० दाणे घ्यावेत. टपोरे दाणे वेचण्याचा मोह होतो, तो टाळावा. हाताला येतील तेच घ्यावेत.

२. कागदी रुमाल भिजवून इतका पिळावा की उचलून धरल्यावर एकही थेंब गळणार नाही. त्यावर दाणे सुटे मांडून घडी घालावी आणि ती डब्यात ठेवून झाकण किंचित उघडे ठेवावे.

३. डब्यावर नाव व तारीख लिहून तो २० ते २५ अंश सेल्सिअसच्या उबदार जागी ठेवावा. मुळ्याला तीन-चार दिवसांत मोड येतात, टोमॅटोला साधारण आठवडा लागतो, तर मिरचीसाठी दोन आठवडे धीर धरावा.

सात-आठ दाणे रुजले तर नेहमीसारखी पेरणी करावी, पाचच रुजले तर बी दुप्पट घालावे. दोन-तीनच रुजले तर नवे बी आणणे बरे. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच दगा देते, म्हणून ते आधी तपासावे.

मोड आलेले दाणे कुंडीत लावता येतात. मात्र मूळ कागदात रुतले असल्यास ओढू नये, कागदाच्या तुकड्यासकट लावावे.