किनारपट्टीवर गॅमा वर्णपट मोजताना या चुका टाळा

रत्नागिरी परिसरातल्या काळ्या वाळूच्या पुळणीवर किंवा जांभ्याच्या सड्यावर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा (गॅमा किरण आदळला की चमकणारा) डिटेक्टर लावला आणि वर्णपटातील, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले ते दाखवणाऱ्या आलेखातील, शिखरे रुंदावली किंवा सरकली, की हात आधी डिटेक्टरच्या हाय व्होल्टेजकडे जातो. तिथेच पहिली चूक होते. स्पंदाचा (प्रत्येक किरणामागे उमटणाऱ्या विद्युत झटक्याचा) आकार तपासल्याशिवाय व्होल्टेज बदलले, तर दोष राहतोच आणि कॅलिब्रेशनही (स्पंदाच्या उंचीचा ऊर्जेशी घातलेला मेळ) हातचे जाते.

या स्फटिकातील प्रकाश सुमारे २३० नॅनोसेकंदांच्या काळस्थिरांकाने (उजेड साधारण एक-तृतीयांशावर येण्याचा वेळ) विझतो. शेपिंग टाइम (स्पंदाला आकार देणाऱ्या फिल्टरचा वेळ) फार कमी ठेवला, तर सगळा प्रकाश गोळा होण्याआधीच स्पंदाची उंची मोजली जाते. फार वाढवला, तर लागोपाठचे स्पंद एकमेकांवर चढतात. याहून फसवा दोष पोल-झीरो जुळणीचा, म्हणजे स्पंदाच्या लांब शेपटीची फिल्टरमध्ये भरपाई करण्याचा, आहे. प्रीअँप्लिफायरच्या (डिटेक्टरलगतच्या पहिल्या वर्धकाच्या) शेपटीचा काळस्थिरांक फिल्टरमध्ये चुकीचा भरला गेला, की स्पंद बेसलाइनखाली (शून्य पातळीखाली) बुडतो, आणि त्या खड्ड्यात आलेला पुढचा स्पंद प्रत्यक्षापेक्षा बुटका मोजला जातो. त्यामुळे शिखराला कमी ऊर्जेकडे शेपूट फुटते. सीझियम-१३७चा स्रोत आधी दूर आणि मग जवळ ठेवून पाहावे. मोजणीचा वेग वाढताच ६६२ केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) शिखर विद्रूप होत असेल, तर ऑसिलोस्कोपवर स्पंद बेसलाइनला कसा परततो ते सर्वप्रथम बघावे.

मोजणीच्या आकड्यांवर चल सरासरी (प्रत्येक बिंदूच्या जागी शेजारच्या बिंदूंसह काढलेली सरासरी) लावून आलेखाची रेघ गुळगुळीत करणे आणि तेवढ्याने अचूकता वाढली असे मानणे, ही चूक मला सर्वांत घातक वाटते. सरासरीनंतर शेजारचे बिंदू परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत. अनिश्चितता मूळ मोजणीवरूनच काढावी: ४०० मोजण्यांना त्यांचे वर्गमूळ २०, म्हणजे ५ टक्के. ती कमी हवी असेल, तर जास्त वेळ मोजण्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. सरीबरोबर रेडॉन वायूची अपत्ये (त्याच्या किरणोत्सारी क्षयातून बनलेली मूलद्रव्ये) जमिनीवर उतरतात आणि बिस्मथ-२१४चे ६०९ केईव्हीचे शिखर उंचावते. ती वाढ वाळूची समजू नये. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. तापमानामुळे सरकलेले ऊर्जेचे मापन पोटॅशियम-४०च्या १४६१ आणि थॅलियम-२०८च्या २६१४ केईव्हीच्या शिखरांवरून पुन्हा बसवता येते.

खाऱ्या दमट हवेत हाय व्होल्टेजच्या कनेक्टरमधून गळती झाली, की वर्णपटाच्या खालच्या टोकाला खोटे स्पंद उसळतात. सॉफ्टवेअरमधला थ्रेशोल्ड (ज्याखालचे स्पंद मोजले जात नाहीत ती मर्यादा) वाढवून ते झाकण्यापेक्षा व्होल्टेज शून्यावर आणून कनेक्टर पुसून कोरडा करावा.